वाचकांचे प्रश्न : उपग्रहातील शांत वीज

गेल्या अंकातील सदरात, उपग्रहांसाठी अत्यंत कमी नॉइजचे पॉवर रेग्युलेटर तयार करू पाहणाऱ्या भारतीय स्टार्टअपविषयी चार ओळी येऊन गेल्या होत्या. त्या चार ओळींवर कोल्हापूर आणि परिसरातून बरीच पत्रे आली, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक. झाली असून तिला बेंगळुरूच्या एका लहान सेमीकंडक्टर स्टार्टअपमध्ये नोकरी मिळाली आहे. तेथे उपग्रहांसाठी 'लो नॉइज पॉवर रेग्युलेटर' तयार करतात, असे ती सांगते. विजेला आवाज असतो का? आणि घरातल्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरपेक्षा यात वेगळे काय आहे? (एक आई, राजारामपुरी)

उत्तर : ताई, आपल्याला स्टॅबिलायझर आठवला हे योग्यच झाले, कारण मुळात काम तेच आहे. येणारी वीज कमी-जास्त झाली तरी पुढच्या यंत्राला मिळणारा दाब एकसारखा ठेवायचा. फरक आहे तो मापाचा. फ्रिजला पाच-दहा व्होल्ट इकडेतिकडे झाल्याने काही होत नाही. आपली मुलगी ज्या चिपवर काम करणार आहे ती नखापेक्षाही लहान असते, ३.३ किंवा १.८ व्होल्टचा दाब देते, आणि त्या दाबातला चढउतार व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात, म्हणजे मायक्रोव्होल्टमध्ये मोजला जातो.

आता आवाजाविषयी. हव्या असलेल्या विद्युत-संकेतात मिसळलेला कोणताही नको असलेला, अनियमित चढउतार म्हणजे इलेक्ट्रॉनिक्समधला नॉइज. आपल्याकडे रेडिओच्या काळापासून त्याला खरखर म्हणतात आणि मला तोच शब्द अधिक जवळचा वाटतो. घरात जुना रेडिओ असेल तर मीडियम वेव्हवरचे एखादे स्टेशन लावा आणि शेजारी मोबाईलचा स्वस्तातला चार्जर चालू करून पाहा. निवेदकाच्या आवाजावर चरचरणारा एक पडदा चढतो. चार्जर आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा वीज जोडत आणि तोडत असतो, त्या तोडजोडीची ती खरखर असते.

उपग्रहात रेडिओ आणि चार्जर एकाच पेटीत, काही सेंटिमीटर अंतरावर नांदवावे लागतात. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह दिवसातून पृथ्वीभोवती पंधरा फेऱ्या मारतो, आणि कक्षेच्या कलानुसार प्रत्येक फेरीत साधारण ३५ मिनिटांपर्यंत पृथ्वीच्या सावलीत राहतो. सावलीतून बाहेर आलेले गारठलेले सौरपट्टे सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त वीज देतात, तर सावलीत सगळी भिस्त बॅटरीवर असते. जादा वीज बाजूला वळवण्याची एक प्रचलित रीत राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांशी जुळणारी आहे. पातळी ठरावीक खुणेच्या वर गेली की दरवाजा आपोआप उघडतो आणि वरचे पाणी भोगावतीत जाते. मात्र धरणाची पातळी सांभाळली म्हणून घरच्या नळाला एकसारखी धार येत नाही, त्यासाठी पुढे आणखी टप्पे लागतात. पुष्कळ उपग्रहांत मुख्य वाहिनी २८ व्होल्टच्या आसपास असते. तेथून पाच व्होल्टपर्यंत उतरण्याचे काम चार्जरच्याच जातीचा स्विचिंग कन्व्हर्टर करतो, कारण त्यात वीज फारशी वाया जात नाही. पण तो खरखर निर्माण करतो, म्हणून शेवटच्या टप्प्याला, कॅमेऱ्याच्या किंवा रेडिओच्या चिपला अगदी खेटून, लिनिअर रेग्युलेटर बसवतात. हा तोडजोड करत नाही. नळावर हात ठेवून धार पाहत पाहत तो सैल-घट्ट करत राहावे, तसा त्यातला ट्रान्झिस्टर सतत किंचित उघडतो आणि किंचित मिटतो.

या शांततेची किंमत उष्णतेने चुकवावी लागते. पाच व्होल्ट घेऊन ३.३ व्होल्ट देताना एक अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर १.७ वॅट वीज नुसती तापण्यात जाते. अंतराळात वारा नाही, त्यामुळे पंखा लावून उपयोग नसतो, ती उष्णता धातूच्या वाटेने सांगाड्यापर्यंत न्यावी लागते आणि तेथून प्रारणाने बाहेर टाकावी लागते. खरखर कमी करावी तर उष्णता किंवा जागा वाढते, उष्णता कमी करावी तर खरखर डोके वर काढते. हा तोल सांभाळणे हेच आपल्या मुलीचे रोजचे काम असेल, आणि ते मन लावून करण्याजोगे आहे, असे मी खात्रीने सांगतो.

प्रश्न : बाजारात ०.८ मायक्रोव्होल्ट नॉइजचा रेग्युलेटर मिळतो आणि त्याची डेटाशीट (चिपचे गुणधर्म सांगणारे पत्रक) कोणालाही वाचता येते. मग अंतराळासाठी वेगळी चिप करण्यात नवीन काय उरते? तीच चिप शिशाच्या डबीत घालून पाठवली तर चालणार नाही का? (अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. तुम्ही म्हणता ती चिप लिनिअर टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने २०१५ मध्ये आणलेली एलटी ३०४२ असावी. १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दहा ते एक लाख कंपनांच्या, पट्ट्यात तिची खरखर ०.८ मायक्रोव्होल्ट आहे. प्रयोगशाळेत आपण सर्वांनी वापरलेल्या ७८०५ या चिपची खरखर याच पट्ट्यात सुमारे ४० मायक्रोव्होल्ट असते, म्हणजे पन्नास पट. हे साध्य कसे झाले ते समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या रेग्युलेटरमध्ये सुमारे १.२ व्होल्टचा संदर्भ-दाब तयार करतात. तापमानाबरोबर वाढणारा एक दाब आणि घटणारा दुसरा दाब एकत्र करून तो स्थिर राखण्याची ही 'बँडगॅप' रीत रॉबर्ट विडलार यांच्या रचनांमुळे १९७० च्या दशकापासून सर्वत्र रूढ झाली. ३.३ व्होल्ट हवे असतील तर हा संदर्भ पावणेतीन पट वाढवावा लागतो आणि त्याच्यासोबत त्याची खरखरही तितकीच वाढते. नव्या रचनेत एक स्थिर प्रवाह एकाच रोधातून (रेझिस्टरमधून) सोडून हवा तेवढा दाब सरळ मिळवतात, त्या रोधाला कपॅसिटर जोडून खरखर जागच्या जागी जिरवतात, आणि पुढचा अॅम्प्लिफायर दाब वाढवतच नाही, फक्त पोचवतो. खोलीच्या तापमानाला साधा एक किलोओहमचा रोधही १०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे १.३ मायक्रोव्होल्ट खरखर आपण होऊन निर्माण करतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ०.८ या आकड्याचे मोल कळते.

दुसरा तितकाच महत्त्वाचा गुण म्हणजे मागून आलेली खरखर अडवण्याची ताकद. ती डेसिबलमध्ये मोजतात. ८० डेसिबल म्हणजे दहा हजारांत एक, त्यामुळे स्विचिंग कन्व्हर्टरची दहा मिलिव्होल्टची लाट पुढे एक मायक्रोव्होल्ट उरते. अडचण अशी की वारंवारता वाढते तशी ही ताकद ओसरते, आणि कन्व्हर्टर तर सेकंदाला लाखो वेळा तोडजोड करत असतो. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा मोठा आकडा बहुधा कमी वारंवारतेचा असतो, आतल्या पानावरचा आलेख पाहण्याची सवय लावून घ्या.

आता अंतराळाकडे वळू. तेथे चिपवर दोन प्रकारचे आघात होतात आणि ते वेगळे समजून घ्यावे लागतात. पहिला हळूहळू साचणारा. पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांत अडकलेले इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन चिपमधल्या ऑक्साईडच्या थरात विद्युतभार साठवत जातात. त्यामुळे ट्रान्झिस्टरचे वर्धन घटते, गळती वाढते आणि, आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत वाईट म्हणजे, कमी वारंवारतेची खरखर वाढते. म्हणून या प्रारणाच्या (रेडिएशनच्या) माऱ्यापूर्वी मोजलेला ०.८ हा आकडा निम्मीच हकिकत सांगतो. प्रारणाची ठरावीक मात्रा पचवल्यानंतर त्याच चिपची खरखर किती, हे कोणी तरी मोजून दाखवल्याशिवाय ती उपग्रहात बसवणे म्हणजे अंधारात उडी आहे.

या मोजणीत एक मोठी गंमत नव्हे, मोठा धोका दडलेला आहे, जो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उघडकीस आला. बायपोलर जातीच्या अनेक चिपा, ज्यांत रेग्युलेटर प्रामुख्याने येतात, तीच मात्रा संथ गतीने दिली तर अधिक बिघडतात. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांपुढे सेकंदाला ५० रॅड (रॅड हे प्रारणाची मात्रा मोजण्याचे एकक) या वेगाने एक लाख रॅडची मात्रा अर्ध्या तासात देता येते आणि चिप उत्तीर्ण झाल्यासारखी दिसते. अंतराळात मात्र हीच मात्रा वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने पडते. म्हणून संथ चाचणी सेकंदाला ०.०१ रॅड या वेगाने करावी लागते, आणि भागाकार करून पाहा, एक लाख रॅडसाठी सुमारे ११६ दिवस लागतात. आराखड्यात एक चूक सापडली, दुरुस्त केली, की पुन्हा नवी चिप आणि पुन्हा ११६ दिवस. नव्या कंपनीचे आयुष्य या हिशेबात जाते, आणि ज्यांनी हा हिशेब आधी मांडलेला नसतो त्यांचे पैसे मध्येच संपतात.

दुसरा आघात क्षणाचा असतो. एखादा जड आयन चिपमधून आरपार जाताना विद्युतभाराची रेघ ओढून जातो. ती रेघ संदर्भ-दाबाच्या किंवा अॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरवर पडली तर रेग्युलेटरचा दाब काही मायक्रोसेकंद उसळतो किंवा कोसळतो. एक व्होल्टवर चालणाऱ्या प्रोसेसरला तीन-पाच टक्क्यांपलीकडचा फरक सोसत नाही, तेव्हा ही उसळी त्याचे काम बिघडवू शकते, आणि मोठी असेल तर त्याला कायमचे निकामीही करू शकते. याहून गंभीर प्रकारात चिपमध्ये अनवधानाने घडलेली एक आडवाट उघडते, प्रवाह वाढत जातो आणि वीज तोडली नाही तर चिप जळते.

शिशाच्या डबीने हे थांबत नाही. साचणाऱ्या मात्रेचा काही भाग काही मिलिमीटर अॅल्युमिनियमनेही अडतो, पण वैश्विक किरणांतले अतिवेगवान आयन शिसे भेदून जातात, शिवाय जड धातूवर आदळून दुय्यम कणांचा शिडकावा करतात. वजन वाढते ते वेगळेच. प्रारणाचा हा धडा जगाला फार लवकर मिळाला होता. आपले शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले त्याच १९६२ सालची हकिकत आहे. टेलस्टार-१ हा दूरसंचार उपग्रह १० जुलैला सुटला. आदल्याच दिवशी अमेरिकेने पॅसिफिकवर उंच अवकाशात 'स्टारफिश प्राइम' हा अणुस्फोट केला होता. त्यातून कक्षेत पसरलेल्या इलेक्ट्रॉनांनी टेलस्टारचे ट्रान्झिस्टर नासवले, त्याची आज्ञा घेणारी यंत्रणा नोव्हेंबरमध्ये बंद पडली, मध्यंतरी ती पुन्हा चालू करण्यात यश आले, पण फेब्रुवारी १९६३ मध्ये उपग्रह कायमचा गप्प झाला.

तेव्हा नवे काय उरते, तर कमी खरखर आणि प्रारण-सहनशीलता या दोन मागण्या एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर एकत्र पुऱ्या करणे, आणि त्या पुऱ्या झाल्याचा पुरावा देणे. परदेशी कंपन्यांच्या अशा रॅड-हार्ड, म्हणजे प्रारण सोसणाऱ्या, चिपा मिळतात, परंतु त्या फार महाग असतात, लवकर हाती येत नाहीत आणि त्यांतल्या अनेकांवर अमेरिकेचे निर्यात-नियंत्रण असते. आपल्याकडे हे काम होण्याची गरज तेथून निर्माण होते.

प्रश्न : आम्ही नृसिंहवाडीजवळचे शेतकरी. २०१९ आणि २०२१ अशा दोन महापुरांत आमचा ऊस गेला. उपग्रहातली वीज शांत असली काय आणि नसली काय, आम्हाला त्याचा काय उपयोग? (शिरोळ तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : आपले नुकसान मोठे आहे आणि प्रश्न रोखठोक आहे, म्हणून उत्तरही आपल्या शिवारातूनच देतो. कृष्णा-पंचगंगेला पूर येतो तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला त्या दिवसांत ढगांच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. रडारचा उपग्रह स्वतःच्या रेडिओलहरी खाली सोडतो, त्या ढगांतून आरपार जातात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीतून तो रात्रीसुद्धा चित्र काढतो. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी पीएसएलव्ही-सी५२ ने सोडलेला आपला ईओएस-०४ हा असा उपग्रह आहे, आणि इस्रो व नासा यांचा संयुक्त 'निसार' ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. तो ७४७ किलोमीटर उंचीवरून दर १२ दिवसांनी त्याच ठिकाणावर परत येतो.

आता खरखर कोठे आडवी येते ते पाहा. पुराचे संथ, सपाट पाणी आरशासारखे वागते. तिरप्या आलेल्या लहरी ते पुढे फेकून देते, उपग्रहाकडे जवळजवळ काहीच परत जात नाही, म्हणून रडारच्या चित्रात पुराचे पाणी काळे दिसते आणि ओबडधोबड जमीन उजळ दिसते. काळा भाग म्हणजे अतिशय क्षीण प्रतिध्वनी. रडारच्या ग्राहकयंत्राला वीज देणाऱ्या रेग्युलेटरची खरखर त्या यंत्रात शिरली, तर परत न आलेल्या प्रतिध्वनीच्या जागी ही खरखरच नोंदली जाते, काळे करडे होते आणि पाण्याची कड नेमकी कोणत्या बांधापर्यंत आली ते ओळखणे कठीण होते. नुकसानीचा पंचनामा त्या कडेवर अवलंबून ठेवायचा असेल तर ती स्पष्ट असली पाहिजे.

उसाच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे, आणि ती आपल्या भागासाठी महत्त्वाची असल्याने सांगतो. उभ्या उसाच्या बुडात पाणी साचले की लहर पाण्यावर आपटून उसाच्या कांड्यांवर जाते आणि तेथून उपग्रहाकडे परतते. त्यामुळे पुरातले शेत काळे न दिसता उलट अधिक उजळ दिसू शकते. निसारच्या एल-बँडची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची आहे आणि ती पानांच्या पसाऱ्यातून तुलनेने चांगली आत शिरते. तरीही काळ्या-उजळाचे हे वाचन अचूक करायला प्रतिध्वनीची ताकद नेमकी मोजावी लागते.

याच लहरीने जमिनीची हालचालही मोजता येते. जमीन उपग्रहाच्या दिशेने एक सेंटिमीटर सरकली तर जाण्या-येण्याच्या वाटेत दोन सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे लहरीच्या एका फेऱ्याचा बारावा हिस्सा. लहर निर्माण करणारा आंदोलक त्या काळात स्वतःच डळमळला तर हा बारावा हिस्सा कशाचा, जमिनीचा की आंदोलकाचा, हे सांगता येणार नाही. आंदोलकाचा पुरवठा-दाब थरथरला की त्याची वारंवारता थरथरते, आणि म्हणून त्याच्या शेजारी अतिशय शांत रेग्युलेटर बसवतात. सह्याद्रीच्या उतारावरच्या वाड्यांना दरड कोसळण्याची पूर्वसूचना कधी काळी अशा मोजमापातून मिळावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

प्रश्न : जगात आता ३ नॅनोमीटरच्या चिपा निघतात. आपल्या मोहालीच्या कारखान्यात १८० नॅनोमीटरच्या होतात. एवढ्या जुन्या तंत्रावर अंतराळाची चिप कशी व्हावी? (निवृत्त शिक्षक, कागल)

उत्तर : रेग्युलेटरच्या बाबतीत हे 'जुने' तंत्र दोष ठरत नाही. लहान नॅनोमीटरचा, म्हणजे ट्रान्झिस्टर अधिक बारीक करण्याचा, फायदा कोट्यवधी ट्रान्झिस्टर दाटीने बसवायचे असतात तेथे होतो. रेग्युलेटरला थोडे, पण मोठे आणि जास्त दाब सोसणारे ट्रान्झिस्टर लागतात, आणि ट्रान्झिस्टरचे क्षेत्रफळ मोठे असेल तर त्याची कमी वारंवारतेची खरखरही कमी होते. मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी १९८९ च्या मोठ्या आगीतून पुन्हा उभी राहिलेली संस्था आहे. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राबरोबर तिने तयार केलेला 'विक्रम ३२०१' हा ३२ बिटांचा प्रक्षेपकांसाठीचा प्रोसेसर मार्च २०२५ मध्ये इस्रोकडे सुपूर्द झाला.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. अशा एका स्टार्टअपमध्ये थोडी गुंतवणूक करावी असे एका नातेवाइकाने सुचवले आहे. पारख कशी करावी? आणि आपल्या कोल्हापूरच्या उद्योगाला यात काही काम मिळेल का? (एक उद्योजक, शिरोली)

उत्तर : गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, परंतु पारख करण्याची दृष्टी आपल्याकडे आधीच आहे, ती कशी वापरायची एवढे सांगू शकतो. आपण प्रत्येक हीटला (भट्टीतल्या धातूच्या एका खेपेला) नंबर देता, त्याच धातूचा टेस्ट बार ओतता, तो तोडून पाहता आणि ग्राहकाची तक्रार आली तर वर्षानंतरही त्या हीटचा कागद काढून दाखवता. चिपच्या धंद्यात हीटच्या जागी वेफर लॉट, म्हणजे ज्यांवर चिपा छापतात त्या सिलिकॉनच्या चकत्यांची एक खेप, असते. एकाच आराखड्याचे दोन लॉट प्रारणापुढे वेगवेगळे वागू शकतात, कारण ऑक्साईडच्या थराचा दर्जा प्रक्रियेतल्या बारीक फरकाने बदलतो. म्हणून अंतराळाच्या मालात प्रत्येक लॉटमधल्या काही चिपा प्रारण-चाचणीत खर्ची घालतात, आपल्या टेस्ट बारप्रमाणेच. कंपनीत गेलात तर चकचकीत सादरीकरण बाजूला ठेवून कोणत्या लॉटच्या किती चिपा तपासल्या, संथ चाचणी केली का, जड आयनांची चाचणी कोठे झाली आणि त्यात किती उसळी दिसली, हे कागद मागा. आपल्या देशात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रातील पेलेट्रॉन त्वरकांतून (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांतून) जड आयन मिळतात, पण अशा यंत्रांवर पाळी मिळवावी लागते. ज्यांचे चाचणीचे कागद व्यवस्थित आहेत, त्यांची चिप अजून एखाद्या बाबतीत कमी पडत असली तरी मी त्यांच्यावर अधिक विश्वास ठेवीन. आणि ज्यांच्याकडे फक्त संगणकातले आलेख आहेत, त्यांच्याकडे अजून साचाच आहे, ओतकाम व्हायचे आहे, असे समजावे.

पहिल्या चिपचा खर्च कमी करण्याची एक रीत आपल्याला लगेच उमजेल. एका हीटचा धातू आपण वेगवेगळ्या पार्ट्यांच्या साच्यांत ओततो, तसेच एकाच वेफरवर अनेक कंपन्यांचे आराखडे शेजारी-शेजारी छापून खर्च वाटून घेतात. सरकारची मदतही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या चिप-आराखडा प्रोत्साहन योजनेत पात्र खर्चाच्या निम्म्यापर्यंत, एका अर्जाला कमाल १५ कोटी रुपये परत मिळण्याची तरतूद करण्यात आली, आणि आराखड्याची महागडी सॉफ्टवेअर सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या केंद्रामार्फत उपलब्ध होतात. परंतु 'परत मिळणे' या शब्दांकडे लक्ष द्या. आधी खर्च करावा लागतो, म्हणून मधल्या काळासाठी हाताशी पैसा लागतोच. चार-पाच वर्षे ज्या रकमेची आठवण काढावी लागणार नाही, तेवढीच रक्कम अशा ठिकाणी गुंतवण्याजोगी असते.

कोल्हापूरच्या कामाविषयी स्पष्ट बोलायचे तर चिप आपल्या एमआयडीसीत तयार होणार नाही, त्याची अपेक्षा धरू नये. पण चिपभोवतीचे पुष्कळसे काम आपल्या हातचे आहे. अॅल्युमिनियमच्या घनातून कोरलेल्या पेट्या, उष्णता वाहून नेणारे सपाट तळ, निर्वात कक्षातील चाचणीसाठीची फिक्स्चर, कंपन-चाचणीचे जिग, हे उद्यमनगर ते कागल या पट्ट्यातल्या कारागिरांना करता येण्यासारखे आहे. एक सूचना मात्र आवर्जून करतो. प्लेटिंगमध्ये शुद्ध कथील चालत नाही. त्यातून काळाच्या ओघात केसासारखे धातूचे बारीक तंतू उगवतात आणि दोन वाहक जोडून टाकतात, म्हणून अंतराळाच्या कामात कथिलात किमान तीन टक्के शिसे मिसळलेले असावे लागते. ड्रॉइंगमधली अशी एक ओळ दुर्लक्षित राहिली की सगळा माल परत येतो.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षात शिकते. ७८०५ रेग्युलेटरची खरखर मला मोजायची आहे, पण ऑसिलोस्कोपवर (विजेचा चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) जाड रेघेशिवाय काही दिसत नाही. काय करावे? (एक विद्यार्थिनी, गोकुळ शिरगाव)

उत्तर : तुला दिसणारी जाड रेघ बहुतांशी ऑसिलोस्कोपची स्वतःची खरखर आहे. ती काहीशे मायक्रोव्होल्ट असू शकते आणि तुझी ७८०५ त्यात बुडून जाते. म्हणून आधी कमी खरखरीचा एक हजारपट अॅम्प्लिफायर तयार कर, म्हणजे ४० मायक्रोव्होल्टचे ४० मिलिव्होल्ट होतील आणि रेघेच्या वर येतील. अॅम्प्लिफायरच्या आधी कपॅसिटर घाल, नाहीतर रेग्युलेटरचे पाच व्होल्ट त्याला एका बाजूला खेचून बसवतील. पट्टा १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ इतकाच ठेव, कारण डेटाशीटमधला आकडा त्याच पट्ट्यातला आहे.

सगळी वीज बॅटरीची असू दे. भिंतीवरच्या पिनची वीज जवळपास कोठेही नको, खोलीतला ट्यूबलाइट आणि मोबाईलचा चार्जरही बंद ठेव. रेग्युलेटर आणि अॅम्प्लिफायर बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात बसव, झाकण लाव, पत्रा सर्किटच्या ग्राउंडला एकाच ठिकाणी जोड आणि बाहेर येणारी तार कोअॅक्सिअल घे. हा साधा डबा मोठमोठ्या प्रयोगशाळांतही वापरला जातो.

त्यानंतर रेग्युलेटर जोडण्यापूर्वी अॅम्प्लिफायरचे इनपुट शॉर्ट करून त्याची स्वतःची खरखर मोज. समजा दिसलेला आकडा हजाराने भागल्यावर ती ३० मायक्रोव्होल्ट निघाली आणि रेग्युलेटर जोडल्यावर एकूण ५० दिसली, तर रेग्युलेटरची खरखर २० असे लिहू नकोस. एकमेकांशी संबंध नसलेल्या खरखरींची बेरीज वर्गांची होते. पन्नासचा वर्ग वजा तीसचा वर्ग, त्याचे वर्गमूळ ४०, हा तुझ्या रेग्युलेटरचा आकडा. वहीत तारीख, खोलीचे तापमान, बॅटरीचा दाब आणि रेग्युलेटरवरचा बॅच क्रमांक लिही, आणि एकाच बॅचचे निदान पाच नग मोज. त्या पानांची प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवलीस तर आकडे तपासून तुला उत्तर देईन.